अक्कलकोट रस्त्याच्या लेथवर घडलेला कॅमेरा-स्लायडर : स्टॉप-मोशनच्या कसोटीवर

स्टॉप-मोशनमध्ये, म्हणजे बाहुली थोडी-थोडी हलवत एकेक फोटो (फ्रेम) घेऊन केलेल्या चित्रपटात, बाहुलीच्या हालचालीतला एखादा धक्का प्रेक्षक सहज पोटात घालतो. त्या किंचित खडबडीत चालीमुळेच बाहुली कोणीतरी हाताने हलवली आहे हे जाणवते आणि ती अधिक जवळची वाटते. कॅमेऱ्याला मात्र ही सवलत मिळत नाही. तो एका फ्रेमपुरता जरी अडखळला, तरी पडद्यावरचा प्रत्येक बिंदू एकाच वेळी हलतो आणि रस्ता, देऊळ, आकाश असे सगळेच हादरल्यासारखे दिसते. सेकंदाला २४ फ्रेम्स या हिशेबाने पाच सेकंदांच्या सरकत्या दृश्यासाठी कॅमेरा १२० वेळा पुढे नेऊन थांबवावा लागतो आणि प्रत्येक वेळी तो मिलिमीटरच्या अंशापर्यंत ठरल्या जागीच थांबावा लागतो. या कामासाठी आम्ही सोलापुरातच हाताने फिरवायचा एक स्लायडर, म्हणजे कॅमेरा सरळ रेषेत सरकवणारे साधन, बनवून घेतला. तो पुरेसा वापरून झाल्यावर त्याचे गुणदोष येथे मांडत आहे, कारण असा स्लायडर कोणत्याही चांगल्या लेथवर होऊ शकतो आणि तो करून घेताना नेमके काय मागायचे हे आधी ठाऊक असलेले बरे.

आमचे काम सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीवरचे आहे. संक्रांतीच्या दिवसांत सात नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, पेलत निघालेले, पांढरी बाराबंदी घातलेले भक्त, मागे जुन्या घरांच्या भिंती आणि माड्या असा १:१२ प्रमाणातला देखावा आम्ही टेबलावर उभा केला आहे. मिरवणुकीला समांतर कॅमेरा सरकत जातो, हे त्यातले मुख्य दृश्य. या प्रमाणात कॅमेरा २४० मिलिमीटर सरकला की पडद्यावर साधारण २.९ मीटर चालल्याचा भास होतो. रस्त्यात उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून मिरवणूक दिसायची असेल, तर भिंगाचा मध्य देखाव्याच्या जमिनीपासून १३० मिलिमीटरच्या आसपास हवा. म्हणजे स्लायडर लांबीला पुरेसा, पण उंचीला अगदी बुटका असला पाहिजे.

तयार स्लायडर आम्ही आधी पाहिले होते. ऑनलाइन मिळणारे बहुतेक ॲल्युमिनियमचे स्लायडर व्हिडिओसाठी असतात. कॅमेरा एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचा असेल, तर ते चांगलेच आहेत. मात्र त्यावरची कॅमेरा वाहणारी गाडी अर्धा मिलिमीटर सरकवायला जावे, तर आधी ती जागची हलत नाही आणि जोर वाढवला की एकदम दोन मिलिमीटर पुढे जाते. थांबलेल्या वस्तूला हलवायला लागणारा जोर ती हलती ठेवायला लागणाऱ्या जोरापेक्षा जास्त असतो, हे त्यामागचे साधे कारण. शिवाय बाजूला चिकटवलेली मिलिमीटरची पट्टी नुसत्या डोळ्यांनी वाचून जागा ठरवायची, तर पट्टीवरच्या रेषेची जाडीच आपल्याला हव्या असलेल्या अंतराहून मोठी निघते. स्टॉप-मोशनला स्क्रूच लागतो. येथे गाडी ढकलून चालत नाही, ती आट्यांवरून न्यावी लागते.

सोलापुरात यंत्रमागाचे सुटे भाग बनवणारे आणि दुरुस्त करणारे लेथ कारखाने जागोजागी आहेत. चादरीच्या आणि टॉवेलच्या मागांना लागणारे शाफ्ट, बुश, गिअर रोज हाताळणाऱ्या कारागिरांना मिलिमीटरचा शंभरावा भाग ही नवलाईची गोष्ट नाही. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या अशाच एका कारखान्याला आम्ही कागदावर काढलेले रेखाचित्र दिले. तेथे सुट्या ग्राहकांची कामे एरवी घेतली जात नाहीत, म्हणून मालकांच्या इच्छेप्रमाणे कारखान्याचे नाव देत नाही.

हाती आलेली वस्तू अशी आहे : ६०० मिलिमीटर सरक, १६ मिलिमीटर जाडीचे, क्रोम चढवलेले दोन कठीण शाफ्ट, त्यांवर लिनिअर बेअरिंगांच्या आधाराने चालणारी गाडी, मधोमध २ मिलिमीटर पिचचा (म्हणजे लागोपाठच्या दोन आट्यांमध्ये तेवढे अंतर असलेला) स्क्रू, गनमेटल या मिश्रधातूचा नट, एका टोकाला हँडव्हील आणि त्याच्या मानेवर १०० भागांची डायल. बैठक एमएस चॅनेलची, म्हणजे साध्या पोलादाच्या पन्हळीसारख्या पट्टीची आहे, त्यामुळे वजन चांगलेच भरते आणि एका हाताने स्लायडर उचलता येत नाही. हे वजन मला गुण वाटते. कॅमेरा गाडीच्या एका टोकाला गेला तरी बैठक तसूभर झुकत नाही, आणि डायल फिरवताना हाताचा जो थोडा दाब पडतो, तोही कॅमेऱ्यापर्यंत पोचत नाही.

या सगळ्यात नट महत्त्वाचा. साध्या नटात आट्यांच्या मध्ये थोडी मोकळीक राहतेच. कारखान्यात तिला सगळे ‘प्ले’ म्हणतात. हँडव्हीलची दिशा बदलली की ही मोकळीक भरून निघेपर्यंत डायल फिरते, पण गाडी हलत नाही. आमच्या स्लायडरमध्ये नट दोन भागांत कापलेला आहे आणि मधल्या स्प्रिंगमुळे एक भाग आट्यांच्या एका बाजूला, तर दुसरा भाग दुसऱ्या बाजूला टेकून राहतो. फिटरने आधीच सांगितले होते, “मॅडम, प्ले काढून देतो, पण मग व्हील जड फिरेल बघा.” ते जड फिरते ते बरेच आहे, कारण बोट चुकून लागले तरी डायल जागची हलत नाही. तरीही आम्ही एक शिस्त पाळतो : ठरलेल्या आकड्यावर नेहमी एकाच दिशेने यायचे. आकडा ओलांडला गेला, तर तेवढेच मागे न येता पूर्ण एक फेरा मागे जायचे आणि पुन्हा पुढे येत त्या आकड्यावर थांबायचे.

डायलचा हिशेब सोपा आहे. एका फेऱ्यात गाडी २ मिलिमीटर सरकते, म्हणून डायलचा एक भाग म्हणजे ०.०२ मिलिमीटर. इतक्या बारकाव्याची खरी गरज कॅमेरा सुरू होताना आणि थांबताना लागते. २४० मिलिमीटर अंतर १२० फ्रेम्समध्ये समान वाटले, तर दर फ्रेमला बरोबर एक फेरा येतो. कागदावर हे फार सोयीचे दिसते. पडद्यावर मात्र कॅमेरा पहिल्याच फ्रेमला पूर्ण वेग घेतो आणि शेवटच्या फ्रेमला एकदम थांबतो. सराईत चालक एसटी फलाटावरून काढतो, तेव्हा उभ्या प्रवाशाला बस कधी हलली हे कळतही नाही. कॅमेऱ्याची सुरुवात तशी हवी.

त्यासाठी आम्ही कोसाइनचे सूत्र वापरतो. एकूण अंतराचा अर्धा भाग घ्यायचा आणि एकातून कोनाचा कोसाइन वजा करून येणाऱ्या संख्येने त्याला गुणायचे. कोन शून्यापासून १८० अंशांपर्यंत दर फ्रेमला समान वाढत जातो, म्हणजे १२० फ्रेम्ससाठी दर वेळी दीड अंश. एक्सेलमध्ये हा तक्ता काही मिनिटांत होतो. त्याप्रमाणे पहिल्या सरकेनंतर कॅमेरा सुरुवातीच्या जागेपासून ०.०४ मिलिमीटरवर असतो, दुसऱ्या सरकेनंतर ०.१६ वर, तिसऱ्यानंतर ०.३७ वर, चौथ्यानंतर ०.६६ वर. डायलवर हेच २, ८, साडेअठरा आणि ३३ भाग होतात. दहाव्या सरकेनंतर कॅमेरा ४.०९ मिलिमीटरवर येतो, म्हणजे दोन पूर्ण फेरे आणि साडेचार भाग. तिसाव्यानंतर तो ३५.१५ वर आणि साठाव्यानंतर बरोबर मध्यावर १२० वर पोचतो. मध्यावर एका फ्रेमची सरक ३.१४ मिलिमीटरपर्यंत वाढते आणि तेथून पुढे त्याच क्रमाने घटत जाते.

या तक्त्यातला आकडा प्रत्येक वेळी सुरुवातीपासूनचा घ्यावा, मागच्या फ्रेमपासूनचा घेऊ नये, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे. दर फ्रेमची वाढ वेगळी मोजत गेले, की अर्ध्या-अर्ध्या भागाच्या गोळाबेरजेतल्या चुका एकमेकींत मिसळत जातात. सुरुवातीपासूनच्या आकड्यावर थांबले, तर एका फ्रेमची चूक त्या फ्रेमपुरतीच राहते. डायल तिला जागेवर धरणारा छोटा ग्रब स्क्रू सैल करून शून्यावर आणता येते, ही सोय कारखान्याने आपणहून करून दिली आणि रोज काम सुरू करताना तिचा उपयोग होतो. पूर्ण फेरे मोजण्यासाठी मात्र वेगळी खूण नाही. ते काम चॅनेलच्या कडेला लावलेल्या मिलिमीटरच्या पट्टीवर करावे लागते. ढोबळ आकडा पट्टीवर आणि बारीक आकडा डायलवर वाचायचा, याची सवय लवकर होते.

हा बारकावा पडद्यावर खरोखर दिसतो का, हा प्रश्न रास्त आहे. आमच्या दृश्यात मिरवणुकीच्या रेषेवर चौकटीची रुंदी ४०० मिलिमीटर आहे आणि अंतिम चित्र १९२० पिक्सेल रुंद आहे, म्हणजे एका मिलिमीटरला ४.८ पिक्सेल. ०.०४ मिलिमीटरची सरक एका पिक्सेलच्या पाचव्या भागाएवढीच भरते आणि एकटी ती कोणाला दिसणार नाही. मध्यावरच्या वेगात ०.१ मिलिमीटरची, म्हणजे अर्ध्या पिक्सेलची चूकही लपून जाते. पण सुरुवातीच्या संथ फ्रेम्समध्ये एकूण सरकच तेवढी असते, त्यामुळे तिथे तीच चूक उठून दिसते : कॅमेरा थोडा पुढे जातो, थबकतो, पुन्हा जातो. भिंगापासून मिरवणुकीच्या निम्म्या अंतरावर असलेल्या वस्तूच्या बाबतीत हा दोष दुपटीने वाढतो. ड्रॅगनफ्रेम किंवा स्टॉप मोशन स्टुडिओ या स्टॉप-मोशनच्या सॉफ्टवेअरमध्ये मागची फ्रेम पुसटशी दाखवण्याची जी सोय असते, ती बाहुलीसाठी उत्तम आहे, पण पिक्सेलच्या अंशाएवढी सरक तीतून ठरवता येत नाही. तिथे डायलच लागते.

स्लायडरइतकेच लक्ष बाहुल्यांच्या फ्रेम-हिशेबाकडे द्यावे लागते, आणि या बाबतीत चांगले साधन हातात असूनही दृश्य बिघडू शकते. बाहुलीची प्रत्येक स्थिती दोन फ्रेम्सपर्यंत ठेवण्याची, म्हणजे सेकंदाला १२ स्थिती घेण्याची पद्धत रूढ आहे. तिने कष्ट निम्मे होतात आणि चाल छान दिसते. कॅमेरा मात्र दर फ्रेमला हलवावा, नाहीतर सगळी पार्श्वभूमी सेकंदाला १२ झटक्यांनी पुढे जाताना दिसते. बाहुली एका जागी उभी राहून हातवारे करत असेल, तर एवढा नियम पुरतो. पण कॅमेरा चालत्या बाहुलीच्या बरोबरीने जात असेल, तर हाच नियम उलटतो. पहिल्या फ्रेमनंतर कॅमेरा पुढे जातो, पण बाहुली तिथेच राहते. त्यामुळे चौकटीत ती मागे पडते. पुढच्या फ्रेमला बाहुली दुप्पट अंतर जाते आणि पुन्हा आपल्या जागी येते. परिणामी संपूर्ण मिरवणूक चौकटीत मागे-पुढे थरथरत राहते. अशा दृश्यात बाहुल्याही दर फ्रेमला हलवणे हाच खरा उपाय आहे. ते शक्य नसेल, तर कॅमेराही दोन-दोन फ्रेम्सनी न्यावा. तेव्हा भक्त स्थिर दिसतात आणि मागची घरे थोडी झटक्यांनी सरकतात, पण ती फोकसबाहेर असली की फारसे खटकत नाही. आम्ही मिरवणुकीचे दृश्य दर फ्रेमला बाहुल्या हलवूनच घेतले. फार वेळ लागला, पण काठी पेलणाऱ्या माणसाच्या खांद्याचा जो बारीक डोल आहे, तो त्याशिवाय आलाच नसता.

नंदीध्वजांच्या उंच काठ्यांनी आणखी एक अडचण पुढे आणली. नेहमीच्या चित्रीकरणात कॅमेरा हलताना शटर उघडे असते, त्यामुळे कडा थोड्या पुसट होतात आणि डोळ्याला हालचाल सलग वाटते. स्टॉप-मोशनमध्ये प्रत्येक फ्रेम स्थिर कॅमेऱ्याने घेतलेली असते, सगळ्या कडा धारदार राहतात आणि वेग वाढला की आडव्या दिशेने सरकणारी उभी रेष एकसंध न सरकता ठिपक्या-ठिपक्यांनी उड्या मारल्यासारखी दिसते. मिरवणूक पुढे निघून जाण्याआधी, थांबलेल्या काठ्यांसमोरून कॅमेरा नेण्याचे एक दृश्य होते. मध्यावर ३.१४ मिलिमीटर, म्हणजे १५ पिक्सेलची उडी त्या काठ्यांना सोसली नाही. तेच अंतर पाचऐवजी आठ सेकंदांत घेतले, तेव्हा सरासरी सरक १.२५ मिलिमीटरवर आली आणि दृश्य शांत झाले. शटर उघडे असताना कॅमेरा किंचित सरकवून पुसटपणा आणण्याची पद्धतही आहे. पण त्यासाठी प्रत्येक वेळी अगदी सारखाच वेग लागतो, आणि तो हाताने देता येत नाही. या स्लायडरकडून ती अपेक्षा ठेवू नये.

सोलापूरच्या परिस्थितीत स्लायडर कसा टिकतो, हे वेगळे सांगायला हवे. आमची खोली पूर्व भागात आहे आणि शेजारी माग चालतात. छोट्या देखाव्याचा पुढचा-मागचा पुरेसा भाग फोकसमध्ये ठेवायचा, तर भिंगाचे छिद्र लहान ठेवावे लागते आणि शटर अर्धा-अर्धा सेकंद उघडे राहते. तेवढ्या वेळात मागांची कंपने फरशीतून टेबलावर चढतात. जड बैठकीखाली जाड रबराचे तुकडे आणि तिन्ही बाजूंनी भिंतीपासून सुटे ठेवलेले टेबल, एवढ्याने बराच फरक पडला. अगदी नाजूक फ्रेम्स आम्ही मागांच्या सुट्टीच्या दिवशी घेतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा स्क्रूवरचे साधे ग्रीस पातळ होऊन ओघळते आणि त्यावर कापसाचे तंतू बसतात. ते पुसून घट्ट ग्रीस पातळ थरात लावावे. उष्णतेने लोखंडाची लांबी वाढते, पण पंधरा अंशांच्या फरकाने २४० मिलिमीटरमध्ये जेमतेम ०.०४ मिलिमीटर, तेव्हा त्याची काळजी नको. दुपारी मऊ पडणाऱ्या बाहुल्यांच्या मातीची काळजी जास्त करावी.

वीज जाण्याच्या बाबतीत हा स्लायडर मोटारवाल्यांपेक्षा निर्विवाद सरस आहे. स्टेपर मोटारीचा (म्हणजे पायरी-पायरीने फिरणाऱ्या मोटारीचा) पुरवठा तुटला, की तिची पकड सुटते आणि नियंत्रक कितव्या पायरीवर होता हे बहुधा विसरतो. ऐंशीव्या फ्रेमला असे झाले, तर दृश्य पहिल्यापासून घ्यावे लागू शकते. येथे गाडी जिथे आहे तिथेच राहते आणि आकडा डायलवर तसाच असतो, कारण बारीक पिचचा स्क्रू गाडीच्या भाराने आपोआप फिरत नाही.

मोटारीचे फायदेही नीट समजून घ्यावेत. साधी स्टेपर मोटार एका फेऱ्याचे २०० भाग करते, नियंत्रक त्यांचे आणखी १६ भाग करू शकतो. आर्डुइनो या छोट्या नियंत्रक-पाटीवर डीएफमोको हा प्रोग्राम चढवून ती ड्रॅगनफ्रेमला जोडता येते आणि वेगाचा आलेख पडद्यावर ओढून ठरवता येतो. आमच्या आट्यांवर हे भाग ०.००१ मिलिमीटरहूनही लहान येतात, पण त्या बारकाव्याचा उपयोग नाही, कारण नटात उरलेली थोडी मोकळीकही त्याहून कितीतरी मोठी असते. खरा फायदा दुसरा आहे : फोटो घेण्याआधी कॅमेऱ्याची सगळी चाल खऱ्या वेगात चालवून पाहता येते, आणि तीच चाल वेगळ्या प्रकाशात पुन्हा तंतोतंत घेता येते. हाताच्या स्लायडरवर दृश्य पूर्ण होईपर्यंत चाल कशी दिसेल हे कळत नाही, आणि ही त्याची सर्वांत मोठी उणीव आहे. पुढचा विचार करून आम्ही स्क्रूचे दुसरे टोक ८ मिलिमीटरला उतरवून घेतले आहे. कपलिंग (दोन दांडे जोडणारा तुकडा) लावले की त्यावर मोटार बसेल.

कारखान्याच्या कामातले दोषही नोंदवते. पहिल्यांदा हाती आला, तेव्हा एका टोकाजवळ गाडी घट्ट होत होती. दोन शाफ्ट पूर्ण समांतर बसले नव्हते. परत नेल्यावर काहीही जादा पैसे न घेता ते जुळवून मिळाले, पण तपासणी आधीच व्हायला हवी होती. डायलवरच्या रेषा खोल आहेत, तरी त्यांत रंग भरलेला नव्हता आणि चित्रीकरणाच्या अंधुक खोलीत त्या दिसत नसत. काळा ऑइलपेंट घासून पुसल्यावर त्या उठून आल्या. कॅमेरा बसवायला पाव इंची बोल्टचे एकच भोक ठेवले होते, त्यामुळे भिंग फिरवताना कॅमेरा बोल्टभोवती किंचित वळत असे. शेजारी आधाराची पिन बसवून घ्यावी लागली. मागांच्या तातडीच्या कामांपुढे आमचे काम मागे पडत गेले आणि सांगितलेल्या तारखेला ते मिळाले नाही. पैसे मात्र वाजवी घेतले. मोटार आणि नियंत्रकासह येणाऱ्या तयार स्लायडरच्या मानाने खर्च बराच कमी झाला.

ज्यांना केवळ चित्र थोडेसे आत न्यायचे किंवा बाजूला सरकवायचे आहे, त्यांनी एवढ्या खटाटोपात पडू नये. कॅमेरा स्थिर ठेवून ६००० पिक्सेल रुंदीचे फोटो घ्यावेत आणि संकलनात १९२० ची चौकट त्यांवरून फिरवावी. त्यात जवळच्या आणि लांबच्या वस्तू एकमेकींच्या पुढे-मागे सरकत नाहीत, चित्र सपाट राहते. पण पुष्कळ दृश्यांना तेवढे पुरते. माडीच्या कठड्याआडून एक-एक नंदीध्वज उलगडत यावा, असे ज्यांना हवे आहे त्यांना कॅमेराच हलवावा लागेल, आणि त्यांना मी हा स्लायडर निःशंकपणे सुचवेन. लेथवाल्याकडे जाताना चार गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात : २ मिलिमीटर पिच, स्प्रिंगचा दुभंगलेला नट, शून्यावर आणता येणारी, रंग भरलेली १०० भागांची डायल आणि कॅमेऱ्यासाठी बोल्टशेजारी पिन. शाफ्टची समांतरता त्यांच्याच टेबलावर, दोन्ही टोकांना गाडी नेऊन, डायल गेजने (बारीक फरक काट्याने दाखवणाऱ्या मापकाने) तपासून घ्यावी आणि मगच उरलेले पैसे द्यावेत.